सामाजिक मानसशास्त्र म्हणजे काय? गर्दीत आणि ग्रुपमध्ये आपण वेगळे का वागतो?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या भागात बरेच दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. या पाच जणांवर संशय घेतला गेला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली आणि पाचही जणांचा जीव गेला. ते मुलं पळवणारे नव्हतेच.

अशी बातमी वाचली की पहिली प्रतिक्रिया येते, 'कसली माणसं असतील ही!' पण तो जमाव म्हणजे बाजारहाट करायला आलेली माणसं होती. सकाळी घरातून निघताना 'आज कुणाला तरी मारायचं' असं ठरवून निघालेली ती माणसं नव्हती. मग दोन-चार तासांत असं काय होतं? साधी माणसं एकत्र आली की वेगळं का वागतात? या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं नाव आहे सामाजिक मानसशास्त्र. मोबाइलवर रोज शेकडो लोकांसोबत वावरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या मूळ कल्पना माहीत असायला हव्यात.

हे शास्त्र नेमकं कशाचं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये केलेली व्याख्या आजही शिकवली जाते. तिचा आशय असा : आपले विचार, भावना आणि वागणं यांवर इतर माणसांचा जो परिणाम होतो, त्याचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. ही इतर माणसं समोर असतील, नुसती मनात असतील किंवा गृहीत धरलेली असतील. 'लोक काय म्हणतील' हे तीन शब्द म्हणजे मनातली माणसं. खोलीत एकटे बसून स्टेटस टाकताना आपण ज्यांचा विचार करतो, तीही मनातलीच.

या विषयातल्या सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक १८९८ सालचा. नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या लक्षात आलं की सायकलस्वार घड्याळाशी शर्यत लावतात त्यापेक्षा सोबत कुणी असेल तर जोरात जातात. पुढे कर्ट लेविन यांनी हे साध्या सूत्रात मांडलं : वागणं हे माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्हींवर ठरतं. आपण बहुतेक वेळा फक्त माणूस बघतो, परिस्थिती विसरतो.

'त्याचा स्वभावच तसा!'

रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली तर तो माणूस उद्धट असतो. आपण घातली तर आपल्याला दवाखान्यात पोहोचायचं असतं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचं, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत आरोपण-दोष' असं नाव दिलं.

त्याआधी १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोंच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले होते. लेखकाने कोणती बाजू घ्यायची ते त्याला नेमून दिलं होतं, असं सांगूनही 'बाजूने लिहिणारा मनातूनही त्याच बाजूचा असणार' असं वाचणाऱ्यांना वाटत राहिलं.

हा दोष सगळीकडे सारखा नसतो. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतल्या अमेरिकन आणि म्हैसूरमधल्या भारतीय लोकांची तुलना केली. अमेरिकन प्रौढ वागण्याची कारणं स्वभावात जास्त शोधत होते, भारतीय प्रौढ नात्यांमध्ये आणि परिस्थितीत. लहान मुलांमध्ये मात्र हा फरक फारसा नव्हता. म्हणजे माणसाकडे कसं बघायचं हेही आपण समाजाकडूनच शिकतो.

सोशल मीडियावर परिस्थिती दिसतच नाही. पंधरा सेकंदांची क्लिप येते, तिच्या आधीचं आणि नंतरचं कापलेलं असतं. उरतो तो एक चेहरा आणि त्याच्यावर आपण मारलेला शिक्का.

अफवेवर विश्वास का बसतो?

अफवांच्या अभ्यासात एक महत्त्वाचं काम भारतात झालं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. ग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, पाटण्यावर चक्रीवादळ येणार, अशा त्या अफवा होत्या.

गंमत अशी की धक्के जाणवले पण फारसं नुकसान झालं नाही, अशा भागातही या अफवा होत्या. संकटातून नुकत्याच वाचलेल्या माणसांनी आणखी भीतिदायक गोष्टी का पसरवाव्यात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना हेच कोडं पडलं. १९५७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी उत्तर सुचवलं : लोक आधीच घाबरलेले होते, पण डोळ्यांसमोर घाबरण्यासारखं काही नव्हतं. अफवेने त्या भीतीला कारण पुरवलं. दार्जिलिंगच्या दरडींनंतर दुर्गानंद सिन्हा यांनी केलेल्या अभ्यासाचीही फेस्टिंगर यांनी दखल घेतली. तिथे नुकसान समोर दिसत होतं आणि पुढच्या संकटांच्या तशा अफवा आढळल्या नाहीत.

याचा अर्थ असा की अफवा भीती निर्माण करतेच, पण आधीपासून असलेल्या भीतीला चेहराही देते. मुलांची काळजी प्रत्येक आईबापाला असते. मेसेज त्या काळजीला म्हणतो, 'बघा, तुमचं खरंच होतं.'

२०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेताना दिसत होते. तो कराचीमधला, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारा चित्रपट होता. मूळ फितीच्या शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश येतो. फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओत तो शेवटच नव्हता.

त्यात भर पडते पुनरावृत्तीची. हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो यांनी १९७७ मध्ये दाखवलं की तेच विधान पुन्हा पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटतं, मग ते खोटं का असेना. याला 'सत्याभास' म्हणता येईल. तोच मेसेज कुटुंबाच्या, शाळेच्या आणि गावाच्या ग्रुपवर आला की आपल्याला वाटतं, तीन ठिकाणांहून खात्री झाली. प्रत्यक्षात एकच मेसेज तीन दारांतून आत आलेला असतो.

सगळे म्हणतात म्हणजे खरंच असेल

१९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीच्या लांबीची कोणती, एवढंच सांगायचं. एकट्याला विचारलं तर चूक जवळपास होतच नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲश यांचेच लोक होते आणि ते ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देत होते. खऱ्या सहभागींपैकी सुमारे ७५ टक्के लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. एकूण उत्तरांपैकी साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या सुरात सूर मिसळणारी होती.

याला अनुसरण म्हणतात. त्याची कारणं दोन. एक, माहिती : 'इतक्या लोकांना दिसतंय, मलाच कळत नसेल.' दोन, मान्यता : 'उगाच वेगळं बोलून वाईट कशाला व्हायचं?' ग्रुपवर काकांनी टाकलेला चुकीचा मेसेज दिसत असूनही आपण हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे होतो, ते या दुसऱ्या कारणाने.

पण या प्रयोगाचा एक भाग कमी सांगितला जातो. खोलीत फक्त एक जण खरं बोलणारा ठेवला, तेव्हा गटामागे जाण्याचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशावर आलं. गटाचा दाब संख्येपेक्षा एकमतात असतो. एकमत मोडायला एक माणूस पुरतो.

बघ्याची भूमिका

१३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हिज या तरुणीचा खून झाला. ३८ जणांनी बघितलं आणि कुणी काही केलं नाही, अशी बातमी गाजली. ही बातमी बरीच अतिरंजित होती, हे पुढे स्पष्ट झालं आणि संबंधित वृत्तपत्रानेही २०१६ मध्ये ते मान्य केलं. तरी तिच्यामुळे बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी जे प्रयोग केले, ते महत्त्वाचे ठरले.

१९६८ च्या एका प्रयोगात सहभागी माणूस फॉर्म भरत बसलेला असताना खोलीत धूर सोडला. एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी दोन माणसं मुद्दाम काहीच न झाल्यासारखी बसवली, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत फॉर्म भरत राहिले.

इथे दोन गोष्टी घडतात. पहिली, जबाबदारीची वाटणी : कुणीतरी करेलच, म्हणून कुणीच करत नाही. दुसरी, सामूहिक गैरसमज : प्रत्येक जण आतून अस्वस्थ असतो, पण इतरांचे शांत चेहरे बघून 'काही गंभीर नसावं' असं समजतो. इतर जणही नेमकं तेच करत असतात. दोनशे जणांच्या ग्रुपवर भडकाऊ मेसेज येतो आणि कुणीच काही म्हणत नाही, तेव्हा त्या शांततेला आपण संमती समजतो. ती अनेकदा फक्त शांतता असते.

चित्र इतकं निराशाजनकही नाही. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांमधलं सीसीटीव्ही चित्रीकरण तपासणारा एक अभ्यास २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या दहापैकी सुमारे नऊ भांडणांमध्ये निदान एक जण तरी मध्ये पडलेला दिसला.

वरून आलेला हुकूम

स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चूक केली की समोरच्या माणसाला विजेचा झटका द्यायचा, असं सहभागींना सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. अंगात कोट घातलेला प्रयोगकर्ता 'पुढे चला' म्हणत होता, एवढंच.

या प्रयोगांच्या नैतिकतेवर आणि अर्थावर आजही वाद आहेत. पण त्यांच्या एका प्रकारात सोबतच्या दोन जणांनी ठरवून नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. आज्ञा मोडणारं कुणीतरी डोळ्यांसमोर दिसलं की आज्ञा मोडता येते, हे इतरांना कळतं.

आपले आणि परके

हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे गट पाडले. कारण अगदी क्षुल्लक : तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली की कँडिन्स्कीची? प्रत्यक्षात तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसेच पाडले होते. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आपल्या गटातला मुलगा कोण हे माहीत नसतानाही. यातूनच पुढे ताजफेल आणि जॉन टर्नर यांचा 'सामाजिक ओळख' सिद्धांत आला : 'मी कोण' याचं उत्तर आपण बऱ्याच अंशी 'आम्ही कोण' यावरून देतो आणि आपला गट वरचढ वाटावा अशी धडपड करतो.

क्षुल्लक कारणाने एवढं होत असेल, तर जिथे शिक्के पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत तिथे काय होईल? ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मतःच 'गुन्हेगार' ठरवलं. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण पाल ठोकून राहणारा, वेगळा पेहराव आणि वेगळी बोली असलेला माणूस दिसला की 'हे कोण?' असं विचारणारी नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. राईनपाड्यात मेसेजने संशय पेरला, पण तो कुणावर उगवेल ते या जुन्या नजरेने ठरवलं. याला पूर्वग्रह म्हणतात.

गर्दी खरंच वेडी असते का?

गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ मध्ये लिहिलं की गर्दीत माणसाची बुद्धी हरपते, तो मूळ पशुवृत्तीवर येतो. पुढे फिलिप झिम्बार्डो यांनी 'व्यक्तित्वलोप' ही कल्पना विकसित केली : आपण कोण हे कुणाला दिसत नाही असं वाटलं की बंधनं सैल होतात. खोट्या नावाच्या अकाउंटवरून येणाऱ्या शिव्या बघितल्या की हे पटतं.

पण स्टीफन रायशर यांच्यासारख्या अभ्यासकांनी याला महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांच्या मते गर्दीत माणसाची ओळख हरवत नाही, ती बदलते. 'मी' मागे पडतो आणि 'आम्ही' पुढे येतो. त्या 'आम्ही'ला जे योग्य वाटतं तेच गर्दी करते. म्हणूनच वारीतली लाखोंची गर्दी एकमेकांना पाणी देते.

मारहाण करणारा जमाव स्वतःच्या नजरेत गुंड नसतो, तो 'आमची मुलं वाचवणारा' असतो. ही बाब सर्वांत अस्वस्थ करणारी आहे, कारण चांगल्या हेतूची खात्री असलेल्या माणसाला थांबवणं सर्वांत कठीण.

चूक कळूनही मत का बदलत नाही?

आपलं वागणं आणि आपलं मत जुळत नसेल तर मनात एक बोच राहते. फेस्टिंगर यांनी तिला 'बोधात्मक विसंगती' म्हटलं. १९५९ मध्ये त्यांनी आणि कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांकडून अत्यंत कंटाळवाणं काम करून घेतलं आणि पुढच्या माणसाला 'काम मजेशीर आहे' असं खोटं सांगायला लावलं. काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारल्यावर १ डॉलरवाल्यांना ते काम जास्त आवडलेलं होतं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण होतं. १ डॉलरवाल्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी मतच बदललं.

आपण फॉरवर्ड केलेला मेसेज खोटा निघतो, तेव्हा 'चुकलो' म्हणणं अवघड जातं. त्यापेक्षा 'खोटा असेल, पण सावध केलेलं काय वाईट?' हे सोपं असतं. बोच जाते, मेसेज फिरत राहतो.

मग आपण काय करू शकतो?

*पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा.* 'हे खरं आहे का?' एवढाच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की लोकांना आधी एखाद्या बातमीची खरी-खोटी पारख करायला लावली, तर त्यानंतर ते शेअर करत असलेल्या बातम्यांचा दर्जा सुधारतो. बरेच लोक खोटं मुद्दाम पसरवत नाहीत. त्या क्षणी त्यांचं लक्ष खरेपणाकडे नसतं.

*वेग कमी करा.* जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं आणि अशा मेसेजचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. माणसं तीच होती, परिस्थिती बदलली.

*पहिला 'थांबा' तुम्ही म्हणा.* ॲश आणि मिलग्रॅम, दोघांच्या प्रयोगांत फरक पडला तो वेगळं वागणाऱ्या एक-दोघांमुळे. राईनपाड्याच्या सुमारासच मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरलं होतं, त्यांत एक लहान मूलही होतं. पोलिसांनी त्यांना जमावाच्या तावडीतून सोडवलं आणि ते वाचले. ग्रुपवर 'हे कुठून आलं? कुणी तपासलं का?' एवढं लिहिलंत तरी गप्प बसलेल्यांना कळतं की आपण एकटे नाही. मोठ्यांना सर्वांसमोर टोकण्यापेक्षा वेगळा मेसेज करून सांगितलं तर त्यांचाही मान राहतो.

*गर्दीत मदत हवी असेल तर एकाला नेमून सांगा.* 'कुणीतरी पोलिसांना बोलवा' यापेक्षा 'दादा, निळा शर्टवाले, तुम्ही ११२ ला फोन लावा' हे जास्त उपयोगी पडतं. जबाबदारीची वाटणी तिथेच थांबते.

*परक्यांशी ओळख करा, पण एकाच बाजूने खेळून.* उत्तर प्रदेशात मॅथ्यू लोव यांनी वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या लीग भरवल्या. एकाच संघात खेळलेल्यांमध्ये जातीबाहेरची मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळल्याने मात्र तसा फायदा झाला नाही. नुसतं एकत्र येणं पुरत नाही, एकत्र काही करावं लागतं.

थोडक्यात

- आरोपण-दोष : परिस्थिती विसरून स्वभावाला दोष देणं.
- सत्याभास : वारंवार ऐकल्याने खरं वाटणं.
- अनुसरण : गटाच्या मतामागे जाणं.
- जबाबदारीची वाटणी : 'दुसरा कुणी करेल' म्हणून गप्प बसणं.
- सामूहिक गैरसमज : इतरांच्या शांततेला संमती समजणं.
- सामाजिक ओळख : 'आम्ही'वरून 'मी' ठरवणं.
- बोधात्मक विसंगती : वागणं आणि मत जुळत नसल्याची बोच.

परिस्थिती माणसाला ढकलते, याचा अर्थ गुन्हा माफ होतो असा नाही. कायद्यापुढे प्रत्येक जण आपापल्या कृत्याला जबाबदार असतोच. पण 'ती माणसंच वाईट, मी तसा नाही' असं म्हणून आपण सुटतो, तेव्हा आरोपण-दोष आपल्याच हातून घडत असतो. इतरांसाठी आपणही परिस्थितीच असतो, त्यामुळे आपलं बोलणं किंवा गप्प बसणं हाही त्यांच्यावरचा दाब असतो.